पाणी कोणी घातलं

११ एप्रिल ८६
आज बागेला पाणी यांनी घातलं. म्हणजे मी बाजूला. ऑफिसची बस चुकायला नको म्हणून पाच बादल्या धावतपळत, निम्मं पाणी फरशीवर. वरच्या गॅलरीतून सबनीस काकू म्हणाल्या, आज साहेब बागेत? एवढंच. पण तळमजल्याला बाग असण्याचा हा तोटा. माझे चार दिवस अख्ख्या बिल्डिंगला कळतात. लग्नाला सात वर्षं झाली. यांच्या हातात बादली दिसली की काकू ओळखतात, याही महिन्यात काही नाही.

१५ एप्रिल
न्हाऊन बागेत गेले. जास्वंदीला बदाबदा ओतलंय, मोगरा कोरडाच. तरी मूठभर कळ्या निघाल्या.

३ मे
तीन आळी खणली. चार घमेली मुरूम निघाला. खाडीत भराव टाकून नेरूळ वसवलंय, माती कुठून यायची. शेणखत भरून ठेवलं.
करावे गावची कोळीण हिरा बोंबील घेऊन आली. सुक्या मासळीचा चुरा दिला, वेलाच्या बुडाशी घाल म्हणाली. मी म्हटलं, येत्या आठवड्यात मला बागेत हात लावता यायचा नाही. तिला कळलं. "आमी बाजूला बसलू तर मावरा कोन इकील? माजी वांगी नाय मेली अजून." हसत गेली. मीही हसले.

१० मे
पुन्हा हे बादली घेऊन. सासूबाईंचं कार्ड, नेहमीसारखं यांच्या नावे. आंबे पाठवते, आणि शेवटी 'काही विशेष?'
काकू माहेरच्या चिपळूणच्या, सा.बा.च्याच आळीतल्या. त्यांचा पत्रव्यवहार आहे. मग कार्डात कशाला विचारायचं!

२१ जून
पडवळ, दोडका, कारली. एका आळ्यात तीन-तीन बिया. काथ्याने मांडव बांधला, वाकडा झालाय. हे म्हणाले, चालेल.

१९ जुलै
गोगलगायी. डब्यात मीठ घेऊन फिरले. आधी किळस यायची, आता काही नाही.
पावसाळ्यात एक बरं, पाणी घालावं लागत नाही. कोण बाजूला, कोण नाही, वरून काही कळत नाही. घरात मी कोपऱ्यात, हे पिठलं-भात करतात, खिचडी करतात. बिचारे कुरकुरत नाहीत. दोघंही फारसं बोलत नाही.

२३ ऑगस्ट
दादरच्या डॉक्टरांकडे. दोघांतही दोष नाही, वाट बघा. तीन वर्षांपूर्वी हेच म्हणाले होते. बाहेर आल्यावर यांनी उसाचा रस घेऊ या का विचारलं. घेतला.
घरी येऊन अळूची पानं खुडली. वड्या बऱ्या झाल्या.

७ ऑक्टो.
पाऊस गेला. जमीन भेगाळायला लागली, आजपासून पाणी सुरू. आणि आजच सकाळी आली. हे दाढी करत होते. 'आज तुम्ही घाला' एवढंच म्हणायचं होतं. कंटाळा आला. दुसरं काही कारण नाही. बादली भरली आणि घातलं. तुळस वगळली होती. मग मागे फिरून तिलाही.
देवाचा दिवाही लावला. दिवा विझेल वाटलं होतं. नाही.

११ ऑक्टो.
चारही दिवस मीच. धुणं दुपारी वाळवून आत घेतलं. कारली टणक आहेत, फुलं गळली नाहीत, तुळस हिरवी. इतकी वर्षं जपलं त्याचा राग यायला हवा. आला नाही. किलोभर कारली उतरवली, अर्धी काकूंना दिली.

५ नोव्हें.
दिवाळी झाली. पडवळाचा वेल उपटला. त्या जागी मेथी, कोथिंबीर. धणे चपलेखाली रगडून पेरले. काल पुन्हा आली. पुन्हा नाही सांगितलं. आता तर सवयीनेच.

९ नोव्हें.
स. काकू खाली आल्या, वाटीत आवळ्याचा मुरांबा. माझ्या हातातून झारी काढून घेतली. "आता जरा जपून गं. मी बघतेय ना, महिना झाला, साहेबांच्या हातात बादली नाही."
मी मुरांबा घेतला. बरं म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं. त्या जिना चढून गेल्या तरी मी उभीच.
रात्री यांना सांगायचं ठरवलं. हे आले, जेवले, पेपर वाचला. राहिलं.

१७ नोव्हें.
सा.बा.चं कार्ड. पहिल्यांदा माझ्या नावे. काकूंनी कळवले, फार आनंद झाला, जड उचलू नये, मी येतेच आहे. यांनी वाचलं, फडताळावर ठेवलं. जेवण झाल्यावर माझं ताटसुद्धा उचललं. खूश असणार. आता यांनाही काकूंसारखंच वाटत असणार आणि मी गप्प. वाईट आहे हे. पण वाईट वाटत नाही.
गुलाब छाटला. जरा जास्तच छाटला गेला.

२६ नोव्हें.
सा.बा. आल्या. कुळीथ, पोहे, डिंक, खारका. यायच्या आधी सांगणं शक्य होतं, आता दोघांना फसवल्यासारखं होईल. फसवलंच आहे. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या केसांना तेल लावलं. उठावंसं वाटेना. डोकं त्यांच्या गुडघ्याला टेकून बसले. त्या वेळी मात्र रडू आलं. त्या म्हणाल्या, या दिवसांत येतंच.

२ डिसें.
सकाळी आली. रविवारपासून कंबर धरलीच होती. सा.बा. ओट्याशी डिंक तळत होत्या. मी कुठे बसू? नेहमीचा कोपरा धरला तर त्यांना कळणार, नाही धरला तर त्यांच्या सोवळ्यात वावरणार. बादली घेऊन बाहेर गेले. दुसऱ्या बादलीला कळ आली आणि कठड्यावर टेकले.
हे बसला निघाले होते. पिशवी खाली ठेवली, बादलीची कडी धरली.
"पोट दुखतंय ना. दे इकडे."
मी सोडली नाही. त्यांनी आवाज आणखी खाली आणला.
"दिवाळीतही दुखत होतं. आणि त्याआधी ऑक्टोबरात."
म्हणजे माहीत होतं. दोन्ही वेळा माहीत होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, तू सांगत नव्हतीस तेव्हा बरं वाटत होतं. महिन्यातले ते चार दिवस नसल्यासारखे. मलाही दर महिन्याला वर गॅलरीकडे बघत पाणी घालायचा कंटाळाच आला होता.
सात वर्षांत एवढं लांब कधी बोलले नव्हते. मी कडी सोडली. त्यांनी घालायला सुरुवात केली, ऑफिसच्या बुटांनी चिखलात. वर गॅलरीत काकू आल्या, पाहिलं, घाईने आत गेल्या. काय समजल्या कोण जाणे. बायकोला जपतोय म्हणून घालतोय, की दुसरं.
आतून सा.बा.नी हाक मारली, लाडू वळायला ये, गरम आहे तोवर.
हे थांबले. "आईला तू सांगतेस की मी?"
मी म्हटलं, दोघं जाऊ. चला आत.
ते म्हणाले, हो, एवढी बादली होऊ दे. बादली रिकामी झाली होती. ते नळाशी गेले आणि दुसरी लावली.