अर्थकारणात नापास

चौबे कॉलोनी, रायपूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. अबोलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू ओरडतेस, मग मी ओरडतो, आणि अख्ख्या पाऱ्याला, सगळ्या मोहल्ल्याला आपल्या घरातलं कळतं. म्हणून हे पत्र. कागदावर आवाज चढत नाही.

कॉलेजातली भूगोलाची चांगली नोकरी सोडून तू वेंगुर्ल्याकडे मिठागरात चिखल तुडवायला गेलीस, हे मी इथं कोणाला सांगू? पाहणीसाठी पंधरवडाभर जाते म्हणाली होतीस. तुझी आई रडून रडून अर्धी झाली. परवा म्हणाली, पोट्टी काहून अशी करून राहिली, तिले एकदा विचारा तरी. म्हणून विचारतो आहे. समता कॉलोनीतले डॉक्टर स्वानंद, स्वतःचा दातांचा दवाखाना, नागपूरचं घराणं, पाडव्याला तुला बघायला येतो म्हणतात. अशी माणसं किती दिवस थांबतील?

मी रेल्वेच्या मालधक्क्यावर जन्म काढला. कोणत्या जिल्ह्यात काय आहे ते मला मालगाडीच्या वाघिणींवरून कळतं. तुझ्या सिंधुदुर्गातून माझ्या धक्क्यावर एक वाघीण कधी आली नाही. तरी तुला संधी देतो. त्या जिल्ह्याचा इतिहास, भूगोल आणि अर्थकारण एका पत्रात लिही. तिन्हींत पास झालीस तर मी तोंड उघडणार नाही. एकात जरी नापास झालीस तर पाडव्याच्या आत घरी यायचं.

राग आहेच, पण माया त्याहून जुनी आहे.

तुझा बाबा,
भास्कर


मिठागर, ता. वेंगुर्ले
२० फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पेपर मिळाला. आधीच सांगते, पास झाले तरी मी इथेच राहणार आणि नापास झाले तरी इथेच. लिहिते आहे ते तुम्ही विचारलंत म्हणून.

इतिहास. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. मालवणसमोर महाराजांनी भर पाण्यात किल्ला बांधला. एकोणीसशे तीस साली शिरोड्याच्या मिठागरात लोकांनी कायदा मोडून मीठ उचललं आणि लाठ्या खाल्ल्या. जिल्हा म्हणून मात्र हा तुमच्या नोकरीएवढाच जुना. एक्याऐंशी साली रत्नागिरीतून वेगळा झाला. थोडक्यात, घर सोडून वेगळं होण्यात इथे कोणाला गैर वाटत नाही.

भूगोल. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी. आपल्या महानदीसारखं ऐसपैस वाहणं इथल्या नद्यांच्या नशिबात नाही, डोंगर उतरल्या की लगेच समुद्र. भरतीचं पाणी खाडीत उलटं चढतं. ते आम्ही बांध उघडून आत घेतो, उथळ वाफ्यांत खेळवतो, पुढचं काम उन्हाचं. वाफ्याचा तळ आधी पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो, नाहीतर मीठ मातकट येतं. हाच तो तुमचा चिखल.

अर्थकारण. आंबा, काजू, मासळी, पर्यटक आणि मुंबईहून मुलं पाठवतात ते पैसे. आमचं मीठ वाघिणीत चढत नाही हे खरं. मासेवाल्या बायका मासे खारवायला नेतात, बागायतदार माडाच्या मुळाशी घालतात, उरलेलं लोणच्याच्या बरण्यांत जातं. जिल्ह्याबाहेर पाठवायला काही शिल्लकच राहत नाही.

मालकांना ही जागा हॉटेलवाल्याला द्यायची आहे. गावडेकाकी, तीन बायका आणि मी, एवढ्यांनी पावसापर्यंतचा हा हंगाम चालवून दाखवला तर ते देणार नाहीत. कामाला माणूस मिळत नाही. मी पाडव्याला पोह्यांचा ट्रे घेऊन बसले तर इकडे मिठागर बुडालं. डॉक्टरांना दात पुष्कळ मिळतील.

आईला म्हणावं रडू नकोस. तुमचाही लोभ आहे हे ठाऊक आहे, तो निकालावर अवलंबून ठेवू नका.

तुमची हट्टी,
अबोली


चौबे कॉलोनी, रायपूर
४ मार्च २०२५

चि. अबोलीस,
अनेक आशीर्वाद.

निकाल कळवतो. इतिहास पास, वेगळं होण्याच्या टोमण्याचे गुण कापून. भूगोल पास, आणि चांगला पास. अर्थकारण नापास.

जे बाहेर जात नाही त्याला माल म्हणत नाहीत. गुजरातहून मिठाच्या भरल्या गाड्या मी उतरवून घेतल्या आहेत, भनपुरीची गोदामं त्यांनी भरायची. त्यापुढे तुमच्या टोपल्या कोण विचारतो? जे सगळं घरच्या घरीच संपतं, त्यात कसलं आलं अर्थकारण!

तेव्हा ठरल्याप्रमाणे यायचं. तुला आणायला आईला पाठवतो आहे. तिच्याजवळ २७ तारखेची परतीची दोन तिकिटं दिली आहेत, दोन्ही खालचे बर्थ. ती इतकी खचली आहे की तिच्याकडे पाहून तुझ्या तोंडून नाही निघणारच नाही. एकटी कधी एवढ्या लांब गेलेली नाही, स्टेशनवर घ्यायला जा.

भेटीत बोलूच. तोवर माझे आशीर्वाद तिच्या पिशवीत आहेत असं समज.

तुझा बाबा,
भास्कर


मिठागर, ता. वेंगुर्ले
२१ मार्च २०२५

अबोलीच्या बाबांस,
स. न. वि. वि.

कागदावर आवाज चढत नाही म्हणता, म्हणून मीही पत्रच लिहिते. बघू या चढतो का.

तुमची दोन्ही पत्रं इथे वाचली. मी रडून अर्धी झाले, ही बातमी मला त्यातच मिळाली. अहो, मी कांदा चिरत होते. आणि पोरीला विचारा म्हणाले होते ते ऐकून घेण्यासाठी.

तरी तिला समजावून आणायचं ठरवूनच निघाले होते, खोटं कशाला बोलू. पहिला दिवस छत्री घेऊन बांधावर बसले. दुसऱ्या दिवशी एक बाई तापाने पडली. गावडेकाकी या बायकांची म्होरकी, माझ्याच वयाची. ती मला म्हणाली, बसान काय बघतंस, टोपली उचल. उचलली. तेव्हापासून रोज उचलते. गुडघे दुखतात, पण ते रायपुरातही दुखतच होते.

आता तुमच्या निकालाचं. जे घरच्या घरी संपतं त्यात अर्थकारण नाही म्हणता. मग लग्न झाल्यापासून मी तुमच्या घरात जे रांधलं ते काय होतं? ते कधी वाघिणीत चढलं नाही, रोज घरातच संपलं. माझा डबा पोटात गेल्यावरच तुमच्या धक्क्यावरच्या गाड्या हलत होत्या. ती ओळ वाचून मला जेवढा राग आला तेवढा उभ्या संसारात तुमच्यावर आला नव्हता, आणि तो अजून उतरलेला नाही.

पेपर मी पुन्हा तपासला आहे. आपली लेक पास आहे. मला विचाराल तर पहिली आहे.

परतीची तिकिटं रद्द केली. पाऊस लागेपर्यंत आम्ही दोघी इथेच. पाडव्याला डॉक्टर आलेच तर त्यांना खरं काय ते सांगा, नाहीतर मी फोन करून सांगेन. तुम्हाला यायचं असेल तर या, एक टोपली रिकामी आहे. आणायला म्हणून मात्र येऊ नका.

लोभ होता तसाच आहे, फक्त यंदा तो पावसाळ्यात घरी येईल. सोबत पुरचुंडीत मीठ पाठवते आहे, मी स्वतः वाहिलेलं. वरणात घाला. वरण तेवढं तुम्हाला करावं लागेल.

आपली,
विनीता