ब्रोशरमधले सहा चेहरे

३ जून
हे लिहायला घेतलं, कारण काल लेक म्हणाली की आई, रागात काय काय बोलतेस ते दुसऱ्या दिवशी तुला आठवत नाही. ठीक. यापुढे सगळं लेखी, तारीखवार.
वस्तुस्थिती अशी. लेकीला कम्युनिकेशनची डिग्री करायची आहे. तीन वर्षं, परगावी. खर्च नऊ लाख. बँक कर्ज देते, पण जामीनदार लागतो. यांच्या नावावर आमच्या मेडिकल स्टोअरचं कर्ज आहे, म्हणून सही माझी हवी. मुदत पंधरा जून.
मी फार्मसी शिकले तेव्हा वर्गात आम्ही चार मुली. बोलायचं कसं ते कुणी शिकवलं नाही. काही अडलं नाही.
निर्णय: आधी आकडे, मग सही. भावनेचा प्रश्नच नाही.

४ जून, दुपारी, काउंटरवर
हप्ता काढला. व्याज धरून महिना पंधरा हजार, सात वर्षं. ब्रोशर म्हणतं, पदवीनंतर सरासरी पगार अडतीस हजार. सरासरी कुणाची, ते छापलेलं नाही. सहा माजी विद्यार्थ्यांचे हसरे फोटो मात्र आहेत, खाली फोन नंबर. यांच्याशी मोकळेपणानं बोला, म्हणे. बोलणार. दोन दिवसांत सहाही उरकते.
हे म्हणाले, औषधं देता देता मुलाखतीच घ्यायच्यात, तर तूच कर की ती डिग्री. दुर्लक्ष केलं.

६ जून
एकच झाला. टीव्हीवर झळकायला म्हणून शिकला, आता विमा विकतो. डिग्री फुकट गेली हे सिद्धच झालं. पगार काही सांगेना. वीस मिनिटं गोड गोड बोलला. पॉलिसी घेतली. यांना अजून सांगितलेलं नाही.

७ जून
दुसरी एका हॉस्पिटलची पत्रकं लिहिते. पगार बावीस हजार, हप्ता चौदा. एका खोलीत तिघी राहतात. पश्चात्ताप होतो का, विचारलं. म्हणाली, होतो ना काकू, वीस तारखेला होतो, एक तारखेला पगार झाला की जातो. आणि हसली. आगाऊ.
तिसऱ्याचा नंबर बंद. चौथा वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. हे मला पटलं. दोनदा अधोरेखित केलं.
जेवताना लेकीला चौथ्याचं उदाहरण दिलं. ती अर्धं ताट उचलून आत गेली. विचार करत असावी.

९ जून
पाचवीचा फोन तिच्या आईनं उचलला. पगार विचारला. म्हणाली, मला कुठलं माहीत असायला, दोन वर्षांत मुलगी बोलली नाही, हा जुना फोनही माझ्याकडेच टाकून गेली. त्या बाईनंही सही केली नव्हती. मुलीनं बाहेरून भारी व्याजानं कर्ज काढलं आणि निघून गेली. तुमच्याशी कधी बोललीच ती, तर मला कळवाल का, असं मलाच विचारलं. मग मुलगी लहानपणी किती बडबड करायची ते सांगत बसली. मीही आमच्या लेकीचं थोडं सांगितलं. चाळीस मिनिटं. दोन गिऱ्हाइकं परत गेली.
आकडा मिळाला नाही.
त्या बाईचं चुकलंच. कडक असावं, पण प्रेम आहे हे मुलीला दिसलं पाहिजे. आमच्याकडे ते दिसतं.
संध्याकाळी लेकीच्या खोलीपर्यंत दोनदा जाऊन आले. ती पुस्तकं खोक्यात भरत होती. साफसफाई करत असावी. विषय काढला नाही. तिनं आधी बोलावं, मी मोठी आहे.

१२ जून
सहावी त्या कॉलेजातच नोकरीला आहे, प्रवेशाच्या खिडकीवर. आवाज खाली आणून खरं सांगितलं: अठरा हजार. म्हणजे मुलांना इथं या म्हणून सांगायचे अठरा हजार! मग विचारलं, मावशी, तुमच्या मुलीचं काय म्हणणं आहे? मी म्हटलं, तिला काय विचारायचं, अठरा वर्षांची आहे ती. पलीकडून फोन कट झाला. लाइन खराब असावी.
निष्कर्ष: अडतीस हजार ही थाप. बावीसच्या वर एकही नाही. चार पानी रिपोर्ट तयार. माझंच बरोबर निघालं.
जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असणार.

१४ जून
सही केली. आकडे विरोधात आहेत, ते आहेतच. पण बँकेला कोरा फॉर्म परत करणं व्यवस्थित दिसत नाही.
उद्याचा कार्यक्रम: अकरा वाजता रिपोर्ट वाचून दाखवणार, मग फॉर्म देणार. ती रडेल. रागवायचं नाही.

१५ जून
अकराच्या आधीच नणंदबाई गाडी घेऊन दुकानासमोर. लेक बॅगेसह.
मी फॉर्म पुढे केला. लेक म्हणाली, राहू दे आई, आत्यानं सहा तारखेलाच सही केली. म्हणजे मी पॉलिसी घेत होते त्या दिवशी. यांना माहीत होतं. हे खालमानेनं गोळ्यांची पाकिटं लावत राहिले.
रिपोर्ट वाचू का, विचारलं. म्हणाली, तोंडपाठ आहे, रोज काउंटरवरचे तुझे फोन आतून ऐकत होते. रडली नाही.
तिच्या हवाली केलं ते असं: दहावी-बारावीच्या मार्कशीट, मूळ प्रती. जन्मदाखला. थर्मामीटर एक. तापाच्या गोळ्या, दोन पाकिटं. तिच्या दम्याचे पंप दोन, एक्स्पायरी पुढच्या मार्चची.
पंपांचे पैसे तिनं मोजून काउंटरवर ठेवले. मी घेतले. बिल फाडून दिलं.