बाजेखालचा खड्डा

बाबूजी, तुमचा कुत्रा आज सकाळी मेला. तुमचाच म्हणते, कारण आणला तुम्ही. रिटायर व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात खाणीतून घरी आले ते डोक्यावरचा टोप उलटा करून हातात धरून, आणि टोपात हे एवढंसं पिल्लू, कोळशानं काळंकुट्ट. नळाखाली धरलं तेव्हा कुठं तांबडं निघालं. "राहू दे व माय, पडून राहीन कोपऱ्यात," तुम्ही म्हणाले. पडून राहीन म्हणे! चपला कुरतडल्या, कोंबडी मारली, शेजारच्या चाचीच्या वाळवणावर मुतला, आणि बोलणी कोणी खाल्ली? मी. तुम्ही त्याच वर्षी थंडीत गेले. आणायचं तुम्ही आणि निस्तरायचं मी, हे आपल्या घरात आधीपासूनच होतं म्हणा.

सकाळी त्याला हाक मारली तर शेपूट हललं नाही. हात लावला, गार. मी भावाला वणीला फोन केला. म्हटलं, कुत्रा गेला, लाकडं लागतील, याला जाळायचं आहे. तो आला दोन तासांनी, गाडीच्या डिक्कीत गोणपाट आणि दोरी घेऊन. दोरी कशाला ते मला सांगायला नको. आपल्या राजूरला मेलेलं कुत्रं पाय बांधून ओढतच नेतात. "ताई, कायले तमाशा करून राह्यली? नाल्यापाशी टाकून येतो, पाच मिनिटाचं काम." मी दोरी हिसकावून घेतली आणि कुंपणापलीकडे भिरकावली. तो म्हणाला, "मंग पुरून टाक. आपल्यात तं माणसालेही जाळत नाई, अन् तू कुत्र्याले जाळतं?"

बस. हेच ऐकायचं राहिलं होतं. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला, बाबूजी. आणि खरं सांगू, तो भावावर नव्हता. तुमच्यावर होता.

तो दिवस तुम्हाला आठवतो का, माहीत नाही. मला आठवतो. मी शेगडीपाशी भाकरी थापतेय. तुम्ही उंबऱ्यावर बसलाय, आत यायचं नाही म्हणून. खाणीतून वर आल्यावर तुम्हाला छत सहनच व्हायचं नाही. पावसात दार लोटलं तरी "दार लावू नोको!" म्हणून असे ओरडायचे की माझ्या हातातलं भांडं पडायचं. बारा महिने अंगणात बाज, थंडीत दोन गोधड्या, डोळे वर. आणि त्या दिवशी, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून तुम्ही म्हणाले, "मले मातीत नोको घालू. सारा जलम खालीच गेला. मले जाळजो. धूर तरी वर जाते." मी म्हटलं, हे मला काय सांगता, काकाला सांगा, भावाला सांगा. "सांगतो ना," म्हणाले. "सांगतो ना!" कधी सांगितलं? मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसून टेबलावर मूठ आपटणारे तुम्ही. अख्खी शिफ्ट तुमच्यामागं उभी राहायची. आणि स्वतःच्या मोठ्या भावासमोर बोबडी वळायची! आपल्यात पुरतात, याच्यापुढं एक शब्द काढायची हिंमत झाली नाही. ती हिंमत कोणी करायची? नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेल्या पोरीनं, जिला त्या घरात चहात साखर किती टाकायची तेवढंच विचारत होते.

केली हो मी हिंमत. तुम्हाला अंगणात निजवलं होतं, बायका रडत होत्या आणि मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, बाबूजींना जाळायचं आहे, ते मला बोलले होते. काकानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "पोरीनं यात तोंड घालू नये. पोरीले सांगन अन् आमाले नाई सांगन का?" तुम्ही एकदा, एकदाच चारचौघांत बोलला असता तर! खड्ड्यात माती पडायला लागली तेव्हा मी कान झाकून घेतले. लोक म्हणाले, पोरगी फार हळवी आहे. हळवी कसली, मी संतापले होते. आजही पावसाळ्यात काळी माती फुगली की मला पहिलं तुमचं आठवतं, आणि मग दिवसभर घरात भांडी आदळतात.

म्हणून आज मी ठरवलंच होतं. कुत्र्याच्या बाबतीत मला कोणी विचारणारं नाही ना? मग जाळणार. तुमचं नाही झालं, तुमच्या कुत्र्याचं होईल. भाऊ म्हणाला, "लाकडं कोण देईन?" मी म्हटलं, घरात आहेत. आणि कुऱ्हाड काढली आणि तुमची बाज फोडायला घेतली. हो, तुमची सागवानी बाज. इतकी वर्षं ती अंगणातून मी कोणाला हलवू दिली नव्हती. सुंभ कधीच कुजून गेलं होतं, पण लाकूड काय पक्कं! एकेका घावाला तुम्हाला एकेक शिवी घातली. भाऊ बाजूला उभा होता, तो पुढं होऊन बाजेचा दुसरा पाय धरून ओढायला लागला.

बाज हलली आणि खाली त्याचा खड्डा दिसला.

मला माहीत होता की तो खड्डा. वर तुम्ही झोपायचे, खाली तो. तुम्ही गेल्यावरही दर उन्हाळ्यात तो तिथंच उकरायचा, गार माती लागेपर्यंत, आणि त्यात पोट टेकवून असा सुस्कारा सोडायचा की मला त्याचा हेवा वाटायचा. पण सगळा खड्डा उघड्यावर असा कधी पाहिला नव्हता. अंग घासून घासून गुळगुळीत झालेला, एका बाजूला डोकं टेकायची जागा. बाबूजी, याला कधी मातीची भीती नव्हती. ती तुम्हाला होती. आणि मी तुमचा राग या मुक्या जनावराला सरणावर घालून काढायला निघाले होते.

मग आम्ही बाजेची लाकडं बाजूला रचली आणि खड्डा खोल केला. चाची घरातून मिठाचं पुडकं घेऊन आली. "नमक डाल बेटी, नाहीतर दुसरे कुत्ते उकरतात," म्हणाली आणि पदराला डोळे पुसले, त्या वाळवणावर मुतणाऱ्यासाठी. तुमच्या जुन्या गोधडीत गुंडाळून त्याला ठेवलं. डोकं त्या जागेवरच. भाऊ म्हणाला, "चांगलं केलं ताई," आणि गोणपाटाची घडी करून वणीला गेला.

मी अजून रागातच आहे. हे लिहून झालं की घडी करून तुमच्या टोपात ठेवीन. टोप खुंटीवर आहे, त्याला हात लावला नाही. पण बाजेची लाकडं अंगणात रचलेली तशीच होती. भाऊ गेल्यावर मी त्यांच्यावर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. सागवान भराभर पेटलं, धूर कडुलिंबाच्या वर गेला. चाचीनं कुंपणावरून विचारलं, "आता काय जाळून राह्यली व?" मी म्हटलं, काही नाही चाची, मोडकी बाज आहे. खोटं बोलले तिच्याशी. तुम्हालाच जाळत होते, बाबूजी.