वर कोबी, खाली मुळा

३ नोव्हेंबर
आलं एकदाचं! वर कोबीचा गड्डा, खाली पांढराशुभ्र मुळा – एकाच रोपाला दोन भाज्या, असा बेत होता. कोबीच्या फुलांना मुळ्याचे पराग लावता लावता पाठ धरली. निघालं काय? वर मुळ्याचा खरबरीत पाला, खाली कोबीची दोऱ्यासारखी मुळं! लेक पोट धरून हसली – "बाबा, आईबापांनी पोराला नेमके दुर्गुणच दिले!" बियाणेवाला म्हणाला, "शेठ, विकू नका, फुकट वाटा. तेही लांबच्या गावात."

४ नोव्हेंबर
हसा. विकायला केलंच नव्हतं. रिकाम्या डब्यांत रोपं लावता लावता रोपवाटिका उभी केली मी – धंदा मला कळतो.
उन्हाळ्यातल्या तापाने बायकोच्या तोंडाची चव नेली. ताटावर बसते ती नुसती हजेरी लावायला. मिरची झाली, लिंबू झालं, डॉक्टर झाले. म्हटलं, जिभेला ओळखीचं काही नकोच. कधी न भेटलेलं काही दिलं तर दचकून जागी होईल!
पाला परतून दिला. शेजारी बसून तोंडाकडे बघत राहिलो.
"छान आहे हो."
मी चाखला. भिजलेलं पोतं! याला छान म्हणते – म्हणजे चव अजून नाहीच.

९ नोव्हेंबर
मुळं उकडून दिली. "छान."

१५ नोव्हेंबर
दुपारी रोपवाटिका लेकीवर सोपवून रोज जेवायला घरी येतो. गिऱ्हाइकं विचारतात, शेठ आजारी आहेत का?
आज कोवळी पानं, कच्चीच. "खरं सांग," म्हणालो.
"तुम्ही केलंय ना? मग छानच."


२२ नोव्हेंबर
माझे कान तिखट. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कुंड्या लावत होतो, आत मायलेकी.
"आई, बाबांना आता तरी सांग."
"काय सांगू? पहिल्याच घासाला चव परत आली म्हणून? शी! तोंडात धरवेना गं. पण सांगितलं की हे पुन्हा तिकडे रोपांतच जेवणार. इतक्या वर्षांत कधी माझ्या ताटाशेजारी बसलेत?"
कुंडी हातातच राहिली.

२३ नोव्हेंबर
जेवायला घरी. नवा बेत सांगितला – कारलं आणि कांदा, एकाच रोपात. तिचा चेहरा बघण्यासारखा!
"छान होईल," म्हणाली.
"वेळ लागेल," म्हणालो. "बरीच वर्षं."