माझ्या नावाच्या सात पोळ्या

मेलेल्या बाईच्या नावाने तळलेल्या पोळ्या तिनेच चहाबरोबर खायच्या, ही वेळ तू माझ्यावर आणलीस.

येरमेक, बाळा,

गुडघा शेकायला मी गावी काय आले, काल आपली अल्माटीची शेजारीण कुल्याश माझ्या दुखवट्याच्या सात पोळ्या घेऊन आली आणि दाराबाहेरच गळा काढून रडायला लागली. मी दार उघडलं, तर तिने आधी माझा हात चाचपून पाहिला.

"बालजान, तुमच्या दुकानात तुझ्या फोटोला काळी फीत आहे गं. येरमेक म्हणाला, आजीने भरलेलं हे शेवटचं सॉसेज, शेवटची काझी. मी तीन किलो घेतली."

जॉर्जियाचं चीज, कोरियन गाजर, जर्मन सॉसेज तू कुठूनही आणलंस, मी बोलले नाही. पण घोड्याच्या मांसाची काझी त्या दुकानात मीच भरते, आणि गिऱ्हाइकाच्या हातावर चव ठेवल्याशिवाय विकत नाही. कुल्याशने घेतलेल्या काझीचा तुकडा चावून पाहिला. कारखान्याचा निघाला. लोक 'आजी कुठाय' विचारतात, म्हणून मला मारलंस होय रे?

हे पत्र टपालात टाकत नाही. मीच येते.

तुझी अजून जेवणारी आजी,
बालजान

उत्तर मला नको. दुकानात पहिलं येईल त्या गिऱ्हाइकाला ते तूच द्यायचं, मी शेजारी उभी असताना.