मुबश्शिरशेठ पडले, त्यानंतर

१ मे, शुक्रवार

पाडलं! मुबश्शिरशेठना पाडलं!

आमच्या गल्लीतल्या पॉवरलूम कारखानदारांच्या संघटनेवर त्यांचं राज्य मी शाळेत होतो तेव्हापासून. निवडणूक म्हणजे काय, तर त्यांनी चहा मागवायचा आणि आपण तो प्यायचा. आज मी चहा न पिता उभा राहिलो. फ्रान्सचा राजा, रशियाचा झार, इराणचा शाह – तिघांनाही एकाच भाषणात कोंबलं. "जो ऐकत नाही, तो पडतो!" टाळ्याच टाळ्या. हात वर झाले आणि मी अध्यक्ष! बी.ए. इतिहास, थर्ड क्लास – आज पहिल्यांदा कामाला आला.

घरी येऊन खुर्शीदला सगळं भाषण परत ऐकवलं. बायको असल्यामुळे तिला मध्येच उठून जाता येईना. शेवटी एवढंच म्हणाली, "झारनंतर कोण आलं, ते नाही सांगितलंत?"

आज कामगार दिन होता, हे मात्र आत्ता लिहिताना आठवलं.

३ मे, रविवार

संघटनेच्या ऑफिसातली मुबश्शिरशेठची खुर्ची भंगारात काढणार होतो. आधी बसून पाहिली. चांगली आहे. राहू दे.

५ मे, मंगळवार

अनंता आला. दिघाशी गावचा, माझ्या कारखान्यातला सगळ्यात जुना कारागीर. त्या दिवशी सभेत खुर्च्या लावायला होता. मागे उभं राहून त्यानं भाषण ऐकलं.

"शेठ, तुमी बोलला त्ये बरोबर हाय. आता आमचं बी आयका. पत्रा तापतोय, आत उभं ऱ्हावत न्हाय. मोठे पंखे लावा नि दुपारची जरा सुट्टी द्या."

मी काय बोललो? "बघू." आणि तेही नाकातून, अगदी मुबश्शिरशेठसारखं!

८ मे, शुक्रवार

शुक्रवारची सुट्टी. लूम बंद, डोकं चालू. पंख्यांचा विचार करायला समिती नेमली. सदस्य सध्या मीच.

११ मे, सोमवार

आज चेष्टा सुचत नाही. दुपारी आमचा कारागीर इम्रान चक्कर येऊन चालू लूमवरच पडला. अनंतानं धावत जाऊन स्विच पाडला म्हणून त्याचा हात वाचला. मी नुसता "पाणी, पाणी" ओरडत होतो. पाणी आणलं खुर्शीदनं, वरून घरातून. रिक्षात घालून दवाखान्यात तीच घेऊन गेली.

मी मागून पोचलो. इम्राननं डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाला, "माफ करना सेठ, पूरा ताना टूट गया."

माझे धागे तुटले म्हणून तो माफी मागत होता! रात्री जेवण गेलं नाही.

तरी पंखे आणले का? नाही. मंदी आहे, पुढच्या महिन्यात बघू, असं अनंताला सांगितलं.

१३ मे, बुधवार

शिफ्ट सुरूच झाली नाही. सगळे कारागीर दारात बसलेत. घोषणा माझीच – "जो ऐकत नाही, तो पडतो!" अनंता माझ्यापेक्षा बरी देतो.

दुपारी मुबश्शिरशेठचा फोन. "फखरुद्दीन, घाबरू नको. चार दिवस कुलूप लाव, दुसरे कारागीर मी पाठवतो. अशा वेळी आपण एक राहायचं."

आपण! लाज वाटली. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. हो म्हणालो.

१४ मे, गुरुवार

कुलूप घेऊन खाली उतरलो. बघतो तर कारागिरांच्या मधोमध खुर्शीद!

"वर चल," मी हळूच म्हणालो. सगळ्यांना ऐकू गेलं.

"इम्रानचा हात गेला असता, तर आणखी एक समिती नेमली असतीत?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कुलूप खिशात कोंबून वर आलो. मुबश्शिरशेठना फोन केला – माणसं पाठवू नका. ते म्हणाले, "बायकोला घाबरलास!" नाही म्हणवेना.

१५ मे, शुक्रवार

पंखे आणि दुपारची सुट्टी, दोन्ही मंजूर. सही झाली – माझी नाही, खुर्शीदची. कारखाना तिच्या अब्बांनी तिच्या नावावर केलेला. लग्नापासून शेठगिरी करता करता मी ते साफ विसरलो होतो.

रात्री तिला विचारलं, उद्या माझी ड्युटी किती वाजता?

"सातला," म्हणाली. "वेळेवर या."