तुझी अंगठी आता मला होते, माय

माय, तुझी अंगठी आता माझ्या बोटात जाते. खरं तर हे तुला हसत हसत सांगायचं होतं. पण मला भीती वाटून राहिली आहे आणि घरात कोणाजवळ बोलायची हिंमत होत नाही. तू गेलीस तेव्हा मोर्शीच्या घरी वहिनीने ती माझ्या हातावर ठेवली होती. तू आतून गुंडाळलेला लाल दोरा मी सोडवला, साबण लावला, तेल लावलं, तरी पेरावर अडली ती अडलीच. मी पडले भरल्या अंगाची. लग्नाच्या फोटोत कोणाचं तरी लेकरू कडेवर घेऊन पोट झाकणारी! मागच्या उन्हाळ्यात मात्र मी हट्टालाच पेटले, की ही अंगठी घालूनच दाखवीन. वजनकाट्यावर माझा विश्वास नाही, तो रोज वेगळंच काही सांगतो.

रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलं, चहातली साखर सोडली, अकोल्याचं ऊन चढायच्या आत मैदानाला चकरा मारल्या. अंगठी पेरावरून सरकली त्या दिवशी मी घरभर नाचले. हे म्हणाले, "अवं, तू तं वळखू नाही येऊन राहिली!" शेजारीण रोज फाटकात अडवायची, "ताई, काय खाऊन राहिल्या? आमाले बी सांगा नं." मीही मोठ्या तोऱ्यात सांगायचे. मग दिवाळी आली आणि सगळं गुंडाळून ठेवलं. अनारसे, चिवडा, वरणावर तुपाची धार, काही म्हणजे काही सोडलं नाही. फिरणंही बंद. तरी अंगठी सैलच होत गेली. परवा भांडी घासताना ती बोटातून निघाली आणि मोरीच्या जाळीवर जाऊन पडली. माझ्या काळजात धस्स झालं, ते काही सोन्यासाठी नव्हे.

हे मी पाहिलेलं आहे ना, माय. संत्र्याची तोडाई चालू आहे, तू चुलीपुढे बसून मजुरांच्या भाकरी थापते आहेस, आणि अंगठी बोटातून निघून पिठात पडते. मी म्हणते, "माय, किती वाळली वं तू!" तू हसतेस. "काहून भेतं? सोमवार, गुरुवार, चतुर्थी, उपास करून राहिली मी. अंग हलकं झालं तं बरंच हाये." दुसऱ्या दिवशी अंगठी तुझ्या बोटात घट्ट, तळव्याच्या बाजूने लाल दोरा. आम्हाला वाटलं, चला, मिटलं. हळदीकुंकवाला बाया तुझं कौतुक करत होत्या. अमरावतीच्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवून आमच्याकडे पाहिलं, तोवर फार उशीर झाला होता. मला तुझा राग येतो, अजूनही येतो. एका तरी माणसाला सांगायचं होतंस गं!

आता मला कोणी विचारलं की मी "डाएट" म्हणते. तुझ्या उपासासारखंच, पुढे कोणी काही विचारत नाही. दिवाळीनंतर मी एकटीच जाऊन दाखवून आले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून घ्या म्हटलं, त्याला बरेच दिवस झाले. दर आठवड्याला म्हणते, येत्या सोमवारी जाईन. सोमवार आला की मी काहीतरी काम काढून बसते. साधंच काही असेल, गोळ्यांनी बरं होईल, असं मनाला समजावते. पोरीचं अजून शिक्षण चालू आहे. काल ताटं वाढताना तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "आई, किती ढिली झाली अंगठी! बरं आहे नं तुले?" मी तिला उगाचच झापलं, भाजी करपून राहिली म्हणून.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुझ्या अंगठीच्या डबीखाली घडी घालून ठेवीन. आज दुपारी ती डबी उघडली होती. तुझा तो लाल दोरा मी फेकला नव्हता, तळाशी तसाच होता. माय, तोच गुंडाळला मी. अंगठी आता घट्ट बसली आहे.